नळ येईपर्यंत

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून परतताना पाहिलं, मोठ्या रस्त्याच्या कडेला निळे पाइप येऊन पडलेत. माणूस वाकून आत शिरेल एवढे. टँकरवाला पठाण म्हणाला, गफूरभाई, अब अपना खेल खतम. मी म्हटलं, पाइप पडले म्हणजे पाणी आलं असं होत नाही. पण खोलीवर येऊन चहा केला, तो तसाच निवून गेला.

लिहायची मला सवय नाही. शाळा मराठी, तीही म्हसळ्यात दहावीपर्यंत. पण बोलायची सवय मोडत नाही, म्हणून लिहितोय. इतकी वर्षं मगरिबची, सांजेची नमाज झाली की मी घरी फोन लावायचो. आधी बूथवरून आठवड्यातून एकदा, मग मोबाइल आले तसा रोज. बायको, सफूरा, गेल्या रमजानात गेली. सकाळी चुलीपुढे चक्कर आली, दुपारी दफन. इथून निघून पोचणं शक्यच नव्हतं. मुलगा रय्यान इकडेच राबिघच्या रिफायनरीत आहे, मुलगी समरीन मुंब्र्याला दिलीय. दोघांना आपापला संसार आहे, त्यांच्याशी रोज रोज काय बोलणार?

सिद्रा हे गाव रियाधच्या उत्तरेला, बुरैदा शहरापासून गाडीने अर्ध्या तासावर. माझं काम विहिरीवरच्या पंपाचं. टँकर येऊन उभा राहिला की व्हॉल्व्ह सोडायचा, भरला की बंद करायचा. टँकर ते पाणी नखील कॉलनीतल्या घरांच्या टाक्यांत ओततात. मी आलो तेव्हा नखील नव्हतं. मातीच्या घरांचं गाव, एक मशीद, दोन दुकानं आणि नजर पोचेल तिथवर गहू. पाणी गव्हाला जायचं. मग सरकारने गहू घेणं बंद केलं, तेव्हा गुरांसाठी लसूणघास लावला. पाणी खोल गेलं, तोही थांबला. एव्हाना बुरैदातली माणसं मोठ्या घरांसाठी इकडे सरकायला लागली होती. एकेक शेत प्लॉट होत गेलं. आता त्याच विहिरीचं पाणी आंघोळीला आणि गाड्या धुवायला जातं.

आज म्हातारा पुन्हा आला. म्हातारा म्हणजे अबू मुआज, माझा कफील, म्हणजे माझ्या व्हिसाचा जामीनदार, आणि या शेताचा मालक. ऐंशी उलटून गेली. घर भिंतीपलीकडेच, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पूर्वी कामापुरता यायचा. पण काही महिन्यांपासून रोज, नेमका मगरिबनंतर, टँकर नसतात अशा वेळी येतो. खुर्ची ओढून बसतो तो इशाच्या, रात्रीच्या अजानीला उठतो. आधी खोलीत डोकावतो, शेगडीवर काय आहे बघतो. आज विचारलं, "जेवायला काय?" म्हटलं, डाळ. "आणि काल?" कालही डाळच होती. त्याने मान हलवली.

इतक्या वर्षांनी माझ्यावरचा विश्वास उडालेला दिसतो. मी पंपाचं डिझेल विकतो असं त्याला कुणी सांगितलं असेल का?

९ ऑक्टोबर, बुधवार

आज म्हातारा ताक आणि खजूर घेऊन आला. माझ्यासमोर ठेवले आणि मी खाईपर्यंत बघत बसला. कुणी आपल्याकडे असं बघत असलं की घास उतरत नाही.

मग विहिरीची गोष्ट. ही मी पाठ म्हणून दाखवीन. त्याच्या बापाने आणि चुलत्यांनी ती हाताने खणली. आपल्याकडे बैलांची मोट असायची तशी इथे उंटाची. उंट उतारावरून खाली जायचा, चामड्याची पिशवी वर यायची, पाणी पाटाने खजुरांकडे. लाकडी चाक दिवसभर कुरकुरत राहायचं. म्हणाला, "आवाज चालू असायचा तोवर आईचं लक्ष नसायचं. थांबला की हातातलं काम टाकून मला पाठवायची, जा, बघून ये."

मी हं हं करत ऐकलं. कफील बोलत असताना उठता थोडंच येतं! इशाची अजान झाली तेव्हा सुटलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मुआज रियाधहून आला होता. म्हाताऱ्याचा थोरला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी आलो तेव्हा तो पाटात पाय सोडून बसणारा पोर होता. आता डोक्याचे केस गेलेत. बरोबर एक माणूस होता, त्याने आकाशात ते भिरभिरणारं यंत्र सोडलं आणि सगळ्या जमिनीची चित्रं घेतली. जाताना खजुरांच्या बुंध्यांवर लाल रंगाच्या खुणा केल्या. काही खजूर उचलून दुसरीकडे लावणार म्हणे, बाकीचे जाणार.

म्हातारा घरातून बाहेर आलाच नाही.

मुआज मला बाजूला घेऊन म्हणाला की या शेताचेही प्लॉट पाडायचं भावाभावांचं ठरलंय, नव्या वर्षाच्या आत नळाचं पाणी सुरू होईल, मग इथे पंपाला काम उरणार नाही. वडिलांची सही तेवढी राहिलीय. ते अजून गाडी चालवतात, एकटे असतात, त्यांच्यावर लक्ष ठेव, काही झालं तर मला फोन कर. मग खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुझंही वय झालं गफूर, आता घरी जाशील, बायकोजवळ बसशील.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सफूरा गेल्याचं इथे मी कुणाला सांगितलंच नाहीये. पठाणाला तेवढं माहीत आहे, कारण फोन आला तेव्हा तो समोर होता.

म्हणजे बाप माझ्यावर पहारा ठेवतो आणि मी बापावर ठेवायचा. चांगलं आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

रय्यानचा फोन आला. मुआजने बहुतेक त्यालाही कळवलंय. म्हणाला, अब्बा, बस झालं आता, घरी जा, आराम करा. घराला नवा रंग काढलाय, गच्चीवर पत्रा टाकलाय, गॅस आहे, सगळं आहे. शेजारची बिलकिस चाची जेवणाचं बघेल, तिला सांगून ठेवलंय.

मी विचारलं, तू कधी येशील? म्हणाला, मे महिन्यात बघतो, उमैरच्या शाळेवर आहे. मग उमैरला फोनवर दिलं. नातू आठ वर्षांचा आहे. मी म्हटलं, काय रे, काय करतोस? तो म्हणाला, नथिंग, दादा. मी म्हटलं, मीही. त्याला ते कळलं नाही, त्याने फोन आईकडे दिला.

पोरगा चांगला आहे रय्यान. सगळं विचार करून करतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुआज येऊन म्हाताऱ्याला रियाधला घेऊन गेला. थंडीभर तिकडेच ठेवून घेणार म्हणे. आठवडा होत आला. निवांत वाटतंय. कुणी खोलीत डोकावत नाही, कुणी शेगडी तपासत नाही. या आठवड्यात शेगडी तशी पेटलीच नाही म्हणा, पाव आणि चहावर भागतंय. एकट्यासाठी कोण रांधणार?

आज काही सुचेना म्हणून नखीलमध्ये चालत गेलो. टँकर रोज भरून देतो, पण आत पायी कधी गेलो नव्हतो. सगळी घरं एका रंगाची, वाळूच्या. एक कॉफीचं दुकान, गाडीतून न उतरता कॉफी घेतात. शाळा, दवाखाना, मुलींसाठी जिम. चांगली वस्ती आहे, झाडं लावलीत, सायकलींना वेगळा रस्ता आहे. इथेच कुठेतरी गव्हाच्या शेतात ते गोल फिरणारे लांब पाइप मी चालवायचो. चाकं चिखलात रुतली की सगळं गाव ढकलायला यायचं. ती जागा कुठे असेल याचा अंदाज घेत फिरलो. मशिदीच्या मिनारावरून ओळखू म्हटलं तर मशीद जुनी नव्हे, नवी निघाली. जुनी कुठे गेली?

कॉफीच्या दुकानातल्या पोराने विचारलं, अम्म, म्हणजे काका, कुणाचं घर शोधताय? म्हटलं, नाही, फिरायला आलोय. त्याने पाण्याची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत.

परत आलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. म्हाताऱ्याची खुर्ची उगाच वाटेत पडलेली, ती आत घेतली. मग पुन्हा बाहेर ठेवली, आत जागा नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अबू मुआज परत आले. स्वतः गाडी चालवत, रियाधहून एकटे! मुलगा ऑफिसला गेलेला असताना किल्ली घेतली आणि निघाले. दुपारी फाटकाशी गाडी थांबली. मी धरून खुर्चीत बसवलं आणि मुआजला फोन लावला. तो खूप बोलला, मला नाही, वडिलांना. त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि बोलणं संपल्यावर मला परत दिला.

तिकडे काय झालं म्हणून विचारलं. म्हणाले, काही झालं नाही, नवव्या मजल्यावर काय होणार? नातवंडं सलाम करतात आणि आपापल्या खोलीत जातात. सून चांगली आहे, वेळेवर गोळ्या देते. जेवण अळणी.

मग खोलीत डोकावले. रिकामं पातेलं पाहिलं. "काय खाल्लंस?"

मला राग आला. एवढ्या लांबून जिवावर उदार होऊन काय आले, तर माझी तपासणी करायला. पण थकलेले दिसत होते. खिचडी टाकली, दोघांनी खाल्ली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

थंडी पडलीय. मी पत्र्याच्या डब्यात खजुराच्या झावळ्या पेटवल्या होत्या. अबू मुआज शेकत बसले होते. निळे पाइप आता जमिनीखाली गेलेत, रस्ताही बुजवून झालाय. मी मनाशी ठरवलं होतं की जायच्या आधी एकदा विचारून टाकायचंच. म्हटलं, "अबू मुआज, माझं काही चुकलं का? तुम्ही रोज येता. डिझेलचा थेंब मी इकडचा तिकडे केलेला नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता चिडणार.

"तू फोन करायचास," ते म्हणाले. "मगरिबनंतर. मी तिकडे ओट्यावर बसलेला असायचो. भाषा कळायची नाही. तू मोठ्याने हसायचास. रोज ऐकू यायचं."

मी डब्यात नवी झावळी टाकली.

"रमजानात ते बंद झालं. एक दिवस, दोन दिवस. म्हटलं, आजारी असेल. म्हणून बघायला आलो."

झावळी जळून खाली पडली, ती मी आत सारली. मग सांगितलं. सफूरा गेली म्हणून सांगितलं. त्या रात्री भिंतीच्या अलीकडे बसून काय काय वाटलं तेही सांगितलं. अरबीत मला पंपाचं, पाण्याचं, बाजाराचं बोलता येतं, या गोष्टींचे शब्द कधी लागलेच नव्हते. जे आले ते वापरले.

त्यांनी तिच्यासाठी दुआ केली, हात उचलून, बराच वेळ. नाव विचारलं. म्हणाले, "सफूरा. रोज ऐकायचो, पण मला वाटायचं ते तुमच्या भाषेत 'हॅलो' असेल."

मी हसलो. आणि मग नुसतं हसणं राहिलं नाही. त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

इशाची अजान झाली, तरी दोघेही लगेच उठलो नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

नळ सुरू झाला. नखीलमध्ये आता टँकर लागत नाही. पठाणाने काल शेवटचा भरून नेला, तोही एका बांधकामावर. जाताना गळ्यात पडला. तो अल खफजीला चाललाय, तिकडे काम आहे म्हणतो.

पंप बंद केला. इतका आवाज मी ऐकत होतो हे बंद झाल्यावर कळलं.

अबू मुआजनी काल सही केली. मला वाटलं होतं नाही म्हणतील, निदान विहिरीपुरतं तरी. मुआजलाही तसंच वाटलं असावं, त्याने बोलायची पुष्कळ तयारी करून आणली होती. म्हातारबांनी फक्त पेन मागितलं. नंतर मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, "माझ्या बापाने विहीर खणली तेव्हा इथे भटक्या बदूंच्या मेंढ्या चरायच्या. त्यांना कुणी विचारलं होतं?"

मग म्हणाले, "वाटलं."

२१ डिसेंबर, शनिवार

मुआज म्हणाला, वडिलांची इच्छा आहे की मी त्यांच्याबरोबर रियाधला यावं. इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा धंदा बदलावा लागेल, घरकाम असा. पगार तोच. काम काही नाही, त्यांच्याजवळ राहायचं, नमाजेला खाली न्यायचं.

मी नाही म्हटलं. मी पंपाचा माणूस. साठीला आल्यावर कुणाच्या घरात ट्रे घेऊन फिरायचं? रय्यानला सांगितलं तर तो म्हणाला, अब्बा, हा विचारसुद्धा करू नका, लोक मला काय म्हणतील? खरं आहे त्याचं. कायमचं परत जायचा कागद, खुरूज, मुआज आता करून देईल. समरीन विमानतळावर यायचं म्हणतेय, तिथून गाडीने गावाला. बिलकिसला घर झाडून ठेवायला सांगितलंय.

अबू मुआजना मी स्वतः सांगितलं. खलास, ठीक आहे, एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं आग्रह करतील. केला नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

रविवारी मुआज त्यांना न्यायला येणार, बुधवारी माझं विमान. आज जुम्मा झाल्यावर ते म्हणाले, मला आत फिरवून आण. आत म्हणजे नखीलमध्ये. उभी राहिल्यापासून या वस्तीत त्यांनी पाऊल टाकलेलं नाही, मोठ्या रस्त्यानेच येत-जात राहिले.

पिकअप मी चालवली. ते खिडकीतून बघत सांगत होते, ही सालिहची जमीन, हे आजोबांचं खळं, इथे पाट वळायचा. पहिल्या चार वळणांपर्यंत बरोबर असावं. मग एकच गल्ली पुन्हा पुन्हा यायला लागली. त्यांनी एका घरासमोर गाडी थांबवायला लावली. म्हणाले, हेच. सालिह म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पूर्वीच वारला. त्याचं मातीचं घर इथे होतं, इथे जमीन थोडी उंच आहे.

मला उंच दिसली नाही. पण गाडी बंद केली.

फाटकाशी एक तरुण गाडीतून पिशव्या काढत होता. कडेवर मुलगी. आम्ही थांबलेले पाहून पिशव्या तशाच ठेवून आला, सलाम केला, आत या म्हणाला. अबू मुआज म्हणाले, नुसतं पाणी दे बेटा. त्याने पाणी आणलं आणि न सांगता कॉफी पण. ते भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले, एक हात भिंतीवर सपाट टेकवून.

"कुठून आलात, अम्म?" तरुणाने अदबीने विचारलं.

"लांबून," अबू मुआज म्हणाले.

"कुणाचं घर शोधताय? मी सगळ्यांना ओळखतो, आम्ही पहिल्यांदा आलेल्यांपैकी."

"नाही. सापडलं."

मग तो माझ्याकडे वळला. लोक विचारतात तसंच विचारलं, तू कुठला, पाकिस्तान की हिंद?

मी म्हटलं, "मी इथलाच."

का म्हटलं ते मला ठाऊक नाही. तोंडातून गेलं. तो चांगल्या मनाने हसला, माझा कप पुन्हा भरला. अबू मुआज हसले नाहीत. मुलगी त्यांच्या काठीला हात लावत होती, तिला त्यांनी धरू दिली.

गाडीत बसलो. ते समोर बघत होते, मी चावी लावली पण फिरवली नाही. बुधवारचं विमान डोळ्यांसमोर आलं, नव्या रंगाचं घर आणि झाडून ठेवलेल्या खोल्या.

विचारलं, "रियाधच्या त्या घरात माझी खोली कुठे आहे?"

त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"स्वयंपाकघराच्या मागे," ते म्हणाले. "खिडकी नाही तिला."

"आणि तुमच्या खोलीला?"

"आहे. समोरची इमारत दिसते."

मी गाडी सुरू केली. रय्यानला उद्या सांगेन. रागावेल, आणि त्याचं चुकणार नाही. समरीनला कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला रस्ता दोन्हीकडे फुटत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. कुठून बाहेर पडायचं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मागून कुणीतरी हॉर्न दिला, मग मी डावीकडे घेतली.